इन्व्हरेस्कच्या दारातले सहा पेन्स

एडिंबरोला मी गेले ती एका वंशावळीचा माग काढण्यासाठी, आणि आठ दिवसांच्या त्या मुक्कामातली एकच दुपार आज माझ्याजवळ जशीच्या तशी उरली आहे.

सर विल्यम वेडरबर्न यांचे नाव आमच्या घरी आजोबांच्या तोंडून अतिशय आदराने येत असे. १८८९ च्या मुंबई काँग्रेसचे ते अध्यक्ष. त्याआधी सत्तावीस वर्षे त्यांनी मुंबई इलाख्यात सनदी नोकरी केली होती. दख्खनचा शेतकरी सावकाराच्या कर्जातून सुटावा म्हणून न्यायमूर्ती रानडे यांच्या साथीने त्यांनी शेतकी बँकेची योजना मांडली, पुरंदर तालुक्यात तिचा प्रयोग व्हावा म्हणून धडपड केली, आणि निवृत्तीनंतरही लंडनमध्ये बसून काँग्रेसचे काम सोडले नाही. गोखल्यांचा त्यांच्यावर केवढा विश्वास होता हे सर्वांना ठाऊक आहे. अशा माणसाचे मूळ गाव, त्याचे वाडवडील पाहावेत एवढ्याच इच्छेने मी कागद चाळू लागले, आणि आजोबांच्या पिढीवर येताच थबकले.

विल्यम यांचे आजोबा जॉन वेडरबर्न हे जमैकातल्या उसाच्या मळ्यांचे मालक होते. त्यांचे वडील १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत राजाच्या विरुद्ध बाजूने लढताना पकडले गेले, लंडनमध्ये फासावर गेले, किताब आणि मालमत्ता जप्त झाली. त्यानंतर विशीसुद्धा न गाठलेला जॉन जमैकाला निघून गेला, पाठोपाठ धाकटा भाऊ जेम्स गेला. बापाच्या फाशीने देशोधडीला लागलेल्या या मुलांबद्दल वाचताना माझ्या मनात कळवळा होता, हे मी लपवत नाही. मात्र पुढच्या वीस वर्षांत त्यांनी जी श्रीमंती मिळवली, ती आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या पाठीवर.

एडिंबरोच्या अभिलेखागारात पेन न्यायला बंदी असते. पेन्सिल तेवढी चालते. समोर आलेल्या तपकिरी शाईच्या कागदांत जोसेफ नाइटचा खटला होता. जोसेफ लहान असतानाच जॉनने त्याला जमैकात विकत घेतले आणि परतताना पर्थजवळच्या बॅलिंडीनच्या घरी नोकर म्हणून आणले. तिथे तो वाचायला शिकला, त्याच घरातल्या अ‍ॅन थॉमसन या मोलकरणीशी त्याने लग्न केले, आणि १७७२ साली लंडनच्या न्यायालयाने सॉमरसेट नावाच्या गुलामाच्या बाजूने निकाल दिल्याचे वर्तमानपत्रात वाचून त्याने घर सोडायचे ठरवले. मालकाने त्याला पकडवले. खटला पर्थच्या शेरीफपासून, म्हणजे तिथल्या स्थानिक न्यायाधीशापासून, एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला, आणि १५ जानेवारी १७७८ रोजी न्यायाधीशांनी बहुमताने सांगितले की स्कॉटलंडच्या कायद्याला गुलामगिरी मान्य नाही. त्या कागदांवर मी तीन दिवस घालवले. बॅलिंडीनची वारी पावसात वाहून गेली. उतरायची खोली इतकी गार होती की रात्री शाल, स्वेटर आणि मोजे घालून झोपावे लागे, आणि हीटर मागितला तर घरमालक ‘हा तर उन्हाळा आहे’ असे उत्तर देत.

मी सांगणार आहे ती दुपार मात्र इन्व्हरेस्कची. एडिंबरोच्या पूर्वेला मसलबरा गाव आहे, त्याच्या वरच्या अंगाला दगडी भिंतींआड लपलेली ही जुनी वस्ती. जमैकाहून परतलेला जेम्स इथे इन्व्हरेस्क लॉजमध्ये राहिला. घर आत जाऊन पाहता येत नाही; बाग मात्र सर्वांना खुली आहे, आणि ती एस्क नदीकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते. माझी भाची सोबत होती. मी दाराशीच उभी राहिले.

जेम्सला जमैकात रोझाना या गुलाम स्त्रीपासून रॉबर्ट नावाचा मुलगा झाला. पोटात मूल असतानाच त्याने रोझानाला दुसऱ्याला विकले. मूल जन्मतः स्वतंत्र राहील एवढी अट घातली. रॉबर्ट आजीजवळ वाढला, म्हाताऱ्या आजीला चाबकाने मारलेले त्याने पाहिले, आणि सतराव्या वर्षी तो इंग्लंडला आला. पुढे बायको गरोदर, हाताला काम नाही, अशा दिवसांत तो बापाच्या याच घरी मदत मागायला आला. बापाने ओळख नाकारली. स्वयंपाकिणीने त्याला पेलाभर पातळ बिअर दिली, आणि एका नोकराने चिरलेले सहा पेन्सचे नाणे. हे सारे रॉबर्टने १८२४ मध्ये स्वतः छापून प्रसिद्ध केले. जेम्सचा औरस मुलगा अँड्र्यू कॉलव्हिल याने लगेच वर्तमानपत्रात लिहिले की हा माणूस आमच्या वडिलांचा नव्हेच.

भाचीने विचारले, “मावशी, सहा पेन्स म्हणजे तेव्हा किती गं?”

पौंडाचा चाळिसावा हिस्सा, मी म्हणाले. आणि सांगता सांगता मला पुढचा आकडा आठवला: १८३३ साली पार्लमेंटने गुलामगिरी रद्द करताना दोन कोटी पौंड भरपाई मंजूर केली, ती मालकांना. अँड्र्यूचे नाव त्या भरपाईच्या यादीत आहे. राबलेल्या माणसांना एक पेनीही मिळाली नाही.

आत ताटव्यांना नुकतेच पाणी दिले होते. बागेत एक वयस्क बाई निगुतीने वाळकी फुले खुडत होती. तिने आम्हाला बाक दाखवला, थर्मासमधला चहा पुढे केला, कुठून आलात म्हणून आपुलकीने विचारले. स्कॉटलंडमध्ये इतका मनापासून पाहुणचार मला दुसरीकडे कुठे लाभला नाही, आणि तरी तो चहा घशाखाली उतरेना. दाराशी आलेल्या रॉबर्टला ज्यांनी काही दिले, ते नोकरच होते, हे मला तेव्हा प्रथम जाणवले. बाप आत होता.

वहीत मी वंशावळ काढून ठेवली होती. आपल्याकडच्या कुलवृत्तांतात लेकींची नावे जशी गळतात, तशीच मीही नकळत छापील किताबांच्याच रांगा उतरवल्या होत्या. बाकावर बसून जेम्सच्या नावाखाली पेन्सिलीने एक रेघ ओढली, शेजारी रोझाना लिहिले आणि खाली रॉबर्ट. नाते मोजले तेव्हा विल्यम यांच्या वडिलांचा तो सख्खा चुलत भाऊ निघाला. भाचीने वही हातात घेतली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाली, “मग आता जोसेफ नाइट कुठे लिहायचा?” तो या घराण्याचा नव्हता, पण त्याच्यावाचून ही वंशावळ मला पुरी वाटेना. बॅलिंडीनच्या जॉनसमोर, समासात, मी त्याचे आणि अ‍ॅनचे नाव लिहिले.