गिटार अॅम्प्लिफायर: एकाच ६व्ही६ वर शिक्कामोर्तब

घरी बनवत असलेल्या अॅम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे स्पीकरला शक्ती देणाऱ्या भागात, ईएल८४ ची जोडी बसवावी की एकच ६व्ही६ (दोन्ही पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या), हा मागच्या नोंदीत अनिर्णित राहिलेला प्रश्न आता सुटला असून मी एकाच ६व्ही६ वर थांबलो आहे.

जोडीतून १५ वॅटांच्या आसपास शक्ती मिळते, एकट्या ६व्ही६ मधून साडेचार ते पाच. कागदावर हा फरक तिपटीचा दिसतो, पण तो ५ डेसिबलही भरत नाही. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. उलट ९० डेसिबल संवेदनशीलतेच्या (तेवढ्याच शक्तीत किती मोठा आवाज निघतो त्याचे माप) स्पीकरऐवजी ९७ डेसिबलचा बारा इंची गिटार स्पीकर जोडला, तर तेवढ्याने पाचपट वॅटांचे काम होते, म्हणून वाचलेले पैसे मी स्पीकरमध्ये घातले. शिवाय पॉवर व्हॉल्व्ह पुरता ताणला गेल्यावर जे डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाला खरखरीत धार, येते, त्यासाठीच हा सारा खटाटोप आहे. फोंड्यातल्या आमच्या कौलारू घरात, शेजाऱ्याची खिडकी हाकेच्या अंतरावर असताना, १५ वॅट तितके ताणायचे म्हटले तर दिवेलागणीनंतर गिटार हातात धरायलाच नको. जत्रेच्या मंडपात वाजवायची वेळ आलीच, तर स्पीकरसमोर मायक्रोफोन ठेवता येतो.

फिलामेंटचा, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचा, हिशेबही सोपा झाला. ६व्ही६ ला ०.४५ आणि त्याच्या आधी गिटारचा संकेत वाढवणाऱ्या छोट्या १२एएक्स७ व्हॉल्व्हला ०.३ अँपिअर, मिळून ०.७५, ईएल८४ ची जोडी एकटीच १.५२ अँपिअर ओढते. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र सिंगल-एंडेड जातीचाच, म्हणजे एकट्या व्हॉल्व्हसाठी बनवलेलाच हवा, कारण त्याच्या वेटोळ्यातून सतत डीसी (एकाच दिशेचा) प्रवाह वाहत राहतो आणि गाभ्यात हवेची फट नसल्यास गाभा संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही.

पहिल्या मोजणीत ६व्ही६ च्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) जोडलेल्या ४७० ओहमच्या रेझिस्टरवर १८.८ व्होल्ट मिळाले, म्हणजे ४० मिलिअँपिअर. त्यातले स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधल्या मधल्या जाळीचे) सुमारे ३ वजा केले आणि प्लेट (इलेक्ट्रॉन झेलणारा भाग) व कॅथोडमधले २८० व्होल्ट धरले, तर प्लेटवर जवळपास १०.४ वॅट खर्च होतात. ६व्ही६ च्या प्लेटसाठीच्या १२ वॅटांच्या जुन्या मर्यादेत हे आरामात बसते. मोजणीसाठी चासिस उघडताना प्लग काढून कॅपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करावेत आणि मीटरने खात्री करूनच हात घालावा.

वीजपुरवठ्यातून येणारी १०० हर्ट्झची गुणगुण अजून ऐकू येते. पुश-पुलमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हची जोडी आलटून-पालटून काम करते तेव्हा, ती बरीचशी आपसांत कटते, इथे ती सोय नाही. त्यामुळे प्लेट-पुरवठ्यात १० हेन्रीचा चोक (प्रवाहातले चढउतार दाबणारे वेटोळे) घालून पुन्हा मोजणार आहे.