डळमळणाऱ्या पात्राची बाजू

बोधपर मालिकेत भागाच्या शेवटी कोणीतरी जाणत्या माणसाने समोर येऊन सार सांगायचे, हा आपल्याकडचा जुना पायंडा आहे. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘हम लोग’मध्ये हे काम अशोक कुमार करीत असत आणि ते गोडही वाटत असे. मेक्सिकोचे निर्माते मिगेल साबिदो यांच्या ज्या पद्धतीवर ती मालिका बेतलेली होती, तिच्यात मात्र खरा भार वेगळ्याच पात्रावर असतो: एक पात्र आदर्श, दुसरे त्याच्या उलट, आणि तिसरे या दोहोंमध्ये डळमळत हळूहळू बदलणारे, ज्याच्यासोबत प्रेक्षकानेही बदलावे. ‘हम लोग’मधली सोशिक भागवंती बायकांची होणारी कुचंबणा दिसावी म्हणून रचलेली होती, पण पुष्कळ प्रेक्षकांना तीच अनुकरणीय वाटली. शेवटचे निरूपण तिथे फारसे कामी आले नाही.

किशोरवयीन मुले तर असे निरूपण सुरू होताच मोबाइल उचलतात. आमच्या बडोद्याच्या दांडियाबाजारातील घरी अकरावीतला भाचा बसला असताना मी २०२५ ची ‘अ‍ॅडोलेसन्स’ ही ब्रिटिश मालिका लावली. चारच भाग, आणि प्रत्येक भाग कोठेही न तोडता सलग चित्रित केलेला. तेरा वर्षांच्या जेमीवर शाळेतील मुलीच्या खुनाचा आरोप असतो. दुसऱ्या भागात तपास अधिकाऱ्याचा मुलगा बापाला बाजूला घेऊन, इन्स्टाग्रामवरील छोट्या चित्रखुणांचा मुलांमध्ये काय अर्थ होतो, हे अवघडत सांगतो. तेथे माझा चेहरा त्या बापासारखाच झाला असावा, कारण भाचा म्हणाला, “मावशी, थांबव, तुला कळलं नाहीये.” मग त्याच्या वर्गातील मुले कोणती खूण कोणाला टोचायला वापरतात, हे त्याने आपणहून सांगितले. एरवी विचारले असते, तर “काही नाही गं” यापलीकडे उत्तर आले नसते.

ब्रिटनमध्ये ही मालिका माध्यमिक शाळांना विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली. बडोद्यातील शाळांनी असे काही दाखवायचे ठरवले, तर वरच्या वर्गांसाठी दुसऱ्या भागापासून चर्चा सुरू करावी आणि पुढचा तास रिकामा ठेवावा. तिसरा भाग, ज्यात जवळजवळ सारा वेळ मानसशास्त्रज्ञ बाई आणि जेमी समोरासमोर बसलेले आहेत, तो शिक्षकांनी आधी स्वतः पाहिल्याशिवाय मुलांपुढे लावू नये.