पखवाज नोंद, महिना चौथा: ६० च्या जागी ५३

मागच्या वेळी लिहिलं होतं की चौताल (बारा मात्रांचा, म्हणजे बारा ठोक्यांचा ताल) बसला. मागे घेतो.

रविवारी गुरुजींकडे ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, वाजवत होतो. पाचव्या आवर्तनाच्या (फेऱ्याच्या) शेवटी ऐटीत समेवर, म्हणजे पुढच्या फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर, ‘धा’ टाकला आणि शेजारी हातावर टाळी धरून बसलेली सहावीतली पोर हळूच म्हणाली, “काका, अजून ‘गन’ व्हायचाय.” गुरुजी काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं. परतीच्या वेंगुर्ले गाडीत कंडक्टर ओळखीचा निघाला. पखवाजाची पिशवी बघून म्हणाला, “काय, आज खंय भजन होता?” मी “हो, होतं एक” म्हणून मोकळा झालो. पंचवीस वर्षं भजनी मंडळात वाजवतोय, आणि एकोणपन्नासाव्या वर्षी ‘धा’पासून शिकायला जातो, हे अजून गावात कुणाला सांगितलेलं नाही.

घरी आल्यावर मोबाइल समोर ठेवला. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारा) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून दोन आवर्तनं नुसती ऐकायची, मग तो बंद करून पाच वाजवायची. बारा मात्रा, पाच आवर्तनं, म्हणजे बरोबर ६० सेकंद. माझी ५३. पुन्हा केली, ५४. तिसऱ्यांदा चिडून वाजवली, ५१.

मग तुकडे करून ऐकलं. पहिल्या आठ मात्रा घड्याळासारख्या. घोटाळा सगळा ‘तिट कत गदि गन’मध्ये. चार सेकंदांचं काम मी अडीच सेकंदांत उरकतोय! कारण सापडलं तेव्हा हसू आलं. चौतालात आधी मात्रेला एकेक बोल, मध्ये एक ‘किट’ सोडला तर. शेवटच्या चार मात्रांत मात्र एकदम आठ आघात. बोल दाटले की लय चढली असंच माझ्या हाताला वाटतं. वाटणारच. भजनातल्या गजराला लय चढवायची, गाणाऱ्या बुवांच्या तोंडाकडे बघत बोल भरत न्यायचे आणि टाळांसकट सगळं मंडळ उठवायचं, यासाठीच तर माझी पाठ थोपटली गेली. ज्या खोडीवर आजवर वडे नि काळ्या वाटाण्याचं सांबारं खाल्लं, तीच आता मोडायची आहे. कोरी पाटी असलेल्या त्या पोरीचा खरंच हेवा वाटतो. तिला काही विसरायचं नाही.

तीन दिवस वेगवेगळे उपाय केले. शेवटच्या चार मात्रा हळू वाजवून बघितल्या, तर पुढचा ‘धा’ उशिरा पडायला लागला. मेट्रोनोम चालू ठेवला की सगळं ठीक, बंद केला की पळापळ. म्हणजे लय त्या डबीत होती, माझ्यात नव्हती. बुधवारी रात्री वैतागून पखवाज बाजूला ठेवला आणि नुसती पढंत केली, म्हणजे बोल तोंडाने म्हटले. करता करता रिकाम्या अर्ध्या मात्रासुद्धा तोंडाने म्हणायला लागलो: धा-आ धा-आ दिं-इं ता-आ किट धा-आ दिं-इं ता-आ तिट कत गदि गन. पहिल्या मात्रेपासूनच दोन-दोनाची चाल. नवव्या आणि अकराव्या मात्रेवर मांडीवर टाळी. असं म्हटलं की शेवटी दाटी होतच नाही, दाटी पहिल्यापासूनच असते, फक्त आधी ती ऐकू येत नाही. मग हात लावला. ५७. पुन्हा, ५९. त्या ५९ चं रेकॉर्डिंग मी जेवताना दोनदा ऐकलं. बायकोने विचारलं, “एकच काय लावलंय परत परत?” सांगून उपयोग नव्हता.

पखवाजाच्या डाव्या पुडीला (तोंडावरच्या कातड्याला) लावायच्या कणकेचंही थोडं जमलंय. या हवेत गोळा फार ओला घेतला की पुडी भिजून धुम्म मेला आवाज, कोरडा घेतला की थापेसरशी उडतो. आता थोडा घट्टच मळतो, बोटाने पातळ पसरतो आणि वाजवून झालं की लगेच खरवडतो, नाहीतर सकाळी मुंग्या. आमच्याकडे रोजचा भात. कणीक घरात येते ती पखवाजासाठीच. मुंबईहून कुरिअरने मागवलेल्या पुडीबद्दल मात्र पस्तावलो, तीन आठवड्यांत तिच्यावरची शाई (मधला काळा थर) सुटायला लागली. पुडी हातात घेऊन, वाजवून घ्यावी हेच खरं. आणि ज्यांनी नट-बोल्टचा पखवाज घ्या म्हणून सुचवलं त्यांना एवढंच, की एक पावसाळा समुद्राकाठी काढा आणि मग बोल्ट फिरवून दाखवा. मी आपला वादी (पुड्या ताणणारी चामड्याची पट्टी), गट्टे (तिच्याखालचे लाकडी ठोकळे) आणि हातोडीवाला.

आता खरी पंचाईत गणपतीची. बेत होता की घरोघरच्या भजनात नेहमीसारखं वाजवायचं आणि चौतालाचा रियाज पहाटे वेगळा ठेवायचा. पण हे लिहिताना कळतंय की पाच रात्री गजर वाजवला की ५९ चे परत ५१ होणार. त्यापेक्षा यंदा पखवाज पुतण्याच्या मांडीवर आणि मी टाळ घेऊन मागे. लय कुठे चढते ते बाहेरून तरी ऐकता येईल.

एवढं लिहून बुवांना फोन केला. सगळं सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ काही नाही, मग म्हणाले, “पंचवीस वर्सा वाजयतंस आणि आता शिकाक जातंस?” मी हो म्हटलं. “बरा. टाळ तरी नीट धर.”

गुरुजींना ५९ चं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, त्यांचं उत्तर आत्ता आलं: ‘रविवारी ५० वर करू.’ सावकाश लयीत जास्त पळापळ होते म्हणे. उद्या बाजारातून अर्धा किलो कणीक आणायची आहे.