लागली ना ताई, पण पाय माझ्याकडेच राहिला

तीन मिनिटांत सात वेळा पडले. मी मोजत नव्हते. भिंतीला टेकून बसलेली आमची पोरं मोजत होती आणि पाचव्यानंतर तर चक्क मोठ्यानं. समोरची मुलगी वजनानं माझ्यापेक्षा सहा किलोनं कमी, कुस्ती सुरू करून तिला जेमतेम वर्ष झालेलं. माझ्या कमरेला तायक्वांदोचा काळा पट्टा, दुसरा दान, बारा वर्षांची क्योरुगी, म्हणजे समोरासमोरची लढत.

गंमत म्हणजे माझ्या लाथा लागत होत्या. पहिलीच दोल्ल्यो चागी, म्हणजे बाजूनं फिरवून मारलेली लाथ, तिच्या बरगड्यांवर अशी बसली की आवाज घुमला. स्पर्धेत याचे दोन गुण मिळाले असते आणि मी निवांत मागे सरकले असते. तिनं मात्र फटका खाल्ला, तोच पाय काखेत दाबला, एक पाऊल पुढे टाकलं आणि मी छताकडे बघत होते. उठताना मी म्हटलंही, "लागली होती हं माझी." ती म्हणाली, "लागली ना ताई, पण पाय माझ्याकडेच राहिला."

त्या रात्री झोप लागली नाही. पडल्याची लाज होतीच, पण जास्त छळत होतं ते वेगळं. माझी चूक नेमकी कुठे झाली हे मला सांगताच येत नव्हतं. आमच्या नियमांनी पाहिलं तर चूक नव्हतीच.

तिथेच मेख होती. स्पर्धेच्या तायक्वांदोत समोरच्याला धरलं की गाम-जम, म्हणजे दंड, पडलं की गाम-जम, कमरेखाली मारलं की गाम-जम. प्रत्येकाला विरोधकाच्या खात्यात एक गुण. मग शरीर काय शिकतं? आडवं उभं राहायचं, पुढचा पाय हलका ठेवायचा, हात खाली सोडले तरी चालतं, आणि लाथ लागल्यावर पाय हवेत क्षणभर रेंगाळला तर बिघडत नाही, कारण तो कुणी धरणार नाहीये. इतकी वर्षं माझा पाय मी सांभाळत नव्हते, रेफ्री सांभाळत होता. पट काढणाऱ्यासाठी, म्हणजे पाय धरून पाडणाऱ्यासाठी, अशी उभी राहिलेली बाई म्हणजे पुढचा पाय ताटात वाढून ठेवल्यासारखा.

तायक्वांदोच्या सरांना सांगितलं तेव्हा ते फारसे खूश झाले नाहीत. "तुला खाली लोळायचंय का? आपल्याकडे हापकिडो आहे की. त्यात पकडी आहेत, फेकी आहेत. तो कोरियन झॉम्बीसुद्धा हापकिडोतूनच आला." सरांशी वाद घालायची सवय नाही मला, पण घरी जाऊन शोधलं. कोरियन झॉम्बी म्हणजे एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) लढणारा चान सुंग जुंग. त्यानं सुरुवात हापकिडोनं केली हे खरं. पण २०११ मध्ये लिओनार्ड गार्सियाला त्यानं ज्या डावानं टॅप करायला, म्हणजे थोपटून हार मानायला लावलं तो ट्विस्टर, पाठीचा कणा पिळणारा डाव, कुस्ती आणि जुजुत्सूच्या घरातला. म्हणजे तो बाहेर जाऊन शिकून आला होता. हे मी सरांना बोलले नाही. आठवड्यातून दोन दिवस दुसरीकडे जाते एवढंच सांगितलं. ते "बरं" म्हणाले, आणि त्या "बरं"चा अर्थ आमच्या सगळ्या वर्गाला कळला.

युदो, म्हणजे कोरियातला जुदो, हाही एक पर्याय होता. पण जुदोच्या आंतरराष्ट्रीय नियमांत २०१३ पासून उभ्या लढतीत पाय धरायला पूर्ण बंदी आहे, आणि माझं दुखणं नेमकं पायाचंच. म्हणून कुस्ती आणि ग्रॅपलिंग (पकडी आणि जमिनीवरची झटापट) एकत्र शिकवणाऱ्या वर्गात नाव घातलं.

पहिला महिना स्प्राऊलमध्ये गेला. दिसायला सोपं आहे: समोरची पायाशी घुसली की दोन्ही पाय मागे फेकायचे आणि तिच्यावर पडायचं. मी करत होते ते वेगळंच. मागे उडी मारणं माझ्या हाडात भिनलेलं, त्यामुळे पाय मागे जायचे पण कंबर वरच राहायची. मी पुलासारखी वाकून, डोकं तिच्या हाताशी आयतं नेऊन ठेवायची. दोनदा गिलोटिनमध्ये, म्हणजे काखेत मान आवळायच्या डावात, मान अडकली. दुसऱ्यांदा टॅप करायला उशीर केला आणि पुढचे दोन आठवडे मान वळवायची तर सगळं अंगच वळवावं लागलं.

तिथले कोच म्हणाले, "मागे पळू नकोस. खाली बस. कमरेनं तिच्या खांद्यावर बस." हे वाक्य समजायला मला तीन आठवडे लागले. खूण त्यांनीच दिली: आपल्या कमरेचं हाड तिच्या मानेच्या मुळाशी टेकलेलं जाणवलं पाहिजे. मांडी आणि तिचं डोकं यांच्यात हवा लागत असेल तर स्प्राऊल झालंच नाही, फक्त तसं दिसलं. दोन्ही बाजूंनी सारखं वजन टाकायचं नाही. जो पाय तिनं धरलाय त्या बाजूचा कुल्हा जड करायचा. पायाची बोटं मुडपून मॅटमध्ये रोवायची, पाऊल सपाट पाडलं की धक्का देता येत नाही. आणि पुढचा हात तिच्या गालावरून आडवा घालून चेहरा बाजूला वळवायचा. जिकडे नाक, तिकडे अंग. आमच्याकडे कुणाचा चेहरा असा ढकलणं म्हणजे उद्धटपणा, त्यामुळे सुरुवातीला मी प्रत्येक वेळी "सॉरी" म्हणायचे. चौथ्या "सॉरी"ला जोडीदारीणच वैतागली.

बाकी रडकथा थोडक्यात. गुडघ्यांची सालं गेली. बरगडीजवळचा कुर्चा दुखावला आणि सहा आठवडे सक्तीनं घरी. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून निघालं. नखं आणि कातडी यांची स्वच्छता लाथांच्या खेळात मी कधी एवढी मनावर घेतली नव्हती. इथे दुसऱ्याचा घाम तुमच्या डोळ्यांत जातो, त्यामुळे घेतली.

तिसऱ्या महिन्यात मात्र एक गोष्ट घडली आणि पहिल्यांदाच वाटलं की बारा वर्षं वाया गेलेली नाहीत. आम्ही एकेरी पटाचा बचाव करत होतो. एकीनं पाय धरलेल्या अवस्थेतच सुरुवात करायची, दुसरीनं सोडवायचा. इतर नवखे तीन-चार सेकंदांत कोसळत होते. मी उभीच. जोडीदारीण मला ओढतेय, गोल फिरवतेय, आणि मी एका पायावर टुणटुण उड्या मारत तिच्याबरोबर फिरतेय. कोच थांबून बघायला लागले. एका पायावर उभं राहणं हेच तर आम्ही वर्षानुवर्षं करत आलोय! गुडघा छातीशी घेऊन मिनिटभर थांबायचं आणि वरून सरांची छडी.

मग कोचनी पुढचं शिकवलं. ज्या हातानं तिनं पाय आवळलाय त्या बाजूनं आपला हात तिच्या दंडावरून काखेत घालून कोपर घट्ट मिटायचं, म्हणजे व्हिझर. दुसऱ्या हातानं तिचं डोकं खाली दाबत ठेवायचं. आता अडकलेल्या पायाचा गुडघा जमिनीकडे वळवायचा, कंबर उलटी फिरवायची, पाय दोरीसारखा ढिला सोडून मागे ओढायचा. ही हालचाल माझ्या ओळखीची होती. द्वी चागीला, म्हणजे मागे वळून मारायच्या लाथेला, वळताना कंबर जशी फिरते तशीच. त्या दिवशी आठपैकी पाच वेळा पाय सुटला.

हापकिडोबद्दलही सर अगदीच चुकीचे नव्हते, हे कबूल करायला हवं. मनगट मुरगाळायचे डाव पट काढणाऱ्यावर चालत नाहीत. त्याची मनगटं तुमच्या गुडघ्यामागे एकमेकांत अडकलेली असतात, धरायची कुठून? पण पकड सोडवायची हापकिडोची पद्धत, म्हणजे समोरच्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात त्या फटीकडे जोर लावायचा, ही थेट उपयोगी पडली. तिचे हात एकमेकांत गुंफायच्या आधी एक मनगट दोन्ही हातांनी धरून खाली ढकललं की अर्धा पट तिथेच मरतो. पडायचं कसं, म्हणजे नाकबोप, हेही मला हापकिडोच्या तासांना शिकवलेलं होतं. मी तेव्हा ते कंटाळत केलं होतं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मात्र मी कधी न शिकलेल्या कोरियन कुस्तीचा, सिरमचा. २०१८ मध्ये युनेस्कोनं उत्तर आणि दक्षिण कोरिया दोघांच्या नावानं मिळून तिची वारसा म्हणून नोंद केली, तेव्हा तिचं नाव मी पहिल्यांदा वाचलं होतं. त्यात कमरेला आणि मांडीला साटबा नावाचा कापडी पट्टा बांधतात. वाळूत गुडघ्यावर बसून दोघे एकमेकांचा साटबा धरतात, तसेच उठतात आणि तिथून लढत सुरू. गुडघा किंवा त्याच्या वरचं काहीही जमिनीला लागलं की हरलात.

आम्ही दोघी-तिघींनी दोबोकचे, म्हणजे तायक्वांदोच्या पोशाखाचे, जुने पट्टे कमरेला आणि मांडीला बांधून हे करून पाहिलं. नियम अर्थातच आमच्यापुरते. पण त्यातून जे कळलं ते कुठल्याच ड्रिलमधून कळलं नव्हतं. मी कायम अंतरावर जगत होते. कुणी जवळ आलं की माझा खांदा वर जायचा, श्वास अडकायचा, गुडघे ताठ व्हायचे. साटब्यात अंतर सुरुवातीपासूनच शून्य. पळायला जागाच नाही म्हटल्यावर दोन-तीन आठवड्यांत अंग सैल पडलं, आणि समोरचीचं वजन कुठल्या पायावर आहे हे तिच्या कुल्ह्यावरून कळायला लागलं. पूमसेमधली (ठरलेल्या हालचालींच्या मालिकेतली) जुचुम सगी, ती घोड्यावर बसल्यासारखी बैठक, मी आजवर परीक्षेपुरती घोटली होती. ती इथे कामाला आली. क्योरुगीतला तो उड्या मारणारा पवित्रा नाही आला.

मधल्या काळात एका स्पर्धेत उतरले आणि स्वतःचं हसं करून घेतलं. समोरचीची लाथ आली आणि माझा हात आपोआप तिच्या पोटरीखाली गेला. पाय काखेत! रेफ्रीनं बोट दाखवलं, गाम-जम. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. सर कोचच्या खुर्चीत कपाळाला हात लावून बसलेले. सामना हरले ते मात्र दुसऱ्याच कारणानं, दम पुरला नाही.

त्यानंतर सरांनीच विषय काढला. "तिकडे काय शिकवतात ते दाखव." मी लहान मुलांच्या वर्गात एकच ड्रिल सुरू केलं. एकानं पॅड धरायचा, दुसऱ्यानं लाथ मारायची. आणि लाथ लागून पाय परत गुडघ्यात मिटायच्या आत पॅडवाल्यानं पॅड टाकून तो पाय धरायचा. धरता आला तर लाथ बाद, कितीही जोरात लागलेली असो. पहिल्या दिवशी सतरापैकी पंधरा मुलांचे पाय धरले गेले. दहा दिवसांत गुडघा परत यायचा वेग इतका वाढला की पॅडवाले कुरकुर करायला लागले. सरांना नुसता वेग आवडला. मला दुसरी गोष्ट आवडली: पाय लवकर परत येतो म्हणून पुढची लाथही लवकर निघते.

माझ्या लाथांची यादी मात्र छोटी झाली. पटात घुसणाऱ्यासमोर यप चागी, म्हणजे कुशीवरची सरळ लाथ, आणि ढकलणारी मिरो चागी, या दोन मी डोळे झाकून वापरते, कारण दोन्हींत कुल्हा समोरच्यापासून दूर राहतो आणि पाय सरळ रेषेत परत येतो. डोक्यावरची लाथ तिचे हात दुसरीकडे गुंतलेले असतील तेव्हाच. गिरकीच्या लाथा जवळजवळ सोडल्या. त्याचं वाईट वाटतं, त्या सुंदर दिसायच्या.

त्या मुलीबरोबर चौदा महिन्यांनी पुन्हा तीन मिनिटं झाली. दोनदा पडले. एकदा तीच माझ्या मिरो चागीनं बसली, पण ते ढकलणं होतं, फेक नव्हे, तेव्हा त्याचा हिशोब धरत नाही. दोन्ही वेळा पडले ते मध्ये नाही, भिंतीशी. पाठ भिंतीला लागली की स्प्राऊलला मागे जागाच उरत नाही, पाय फेकायचे कुठे? कोच म्हणतात अंडरहूक लवकर घे (हात तिच्या काखेखालून घाल), कंबर वळवून कडेला सरक. मी घेते. तोवर तिचे हात माझ्या मांड्यांमागे गुंफलेले असतात. सध्या दर गुरुवारी अर्धा तास पाठ भिंतीला लावूनच सुरुवात करतो.