सवाल नसलेला पहिला दिवस

दशलक्षण या जैनांच्या दहा दिवसांच्या पर्वात मूर्तीच्या अभिषेकाचा पहिला कलश कुणाचा, हे आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, वर्षानुवर्षं सवालावर ठरायचं. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर हा लिलावच, फक्त बोली देवाच्या दारात लागते आणि पैसा बस्तीच्या पेटीत जातो. पहिला कलश, शांतिधारा, आरती, पालखीचा खांदा, प्रत्येक मानाचा वेगळा सवाल. निपाणी भागात तंबाखूला दर असेल त्या वर्षी आकडा चढायचा. आता ऊस वाढल्यापासून कारखान्याचं बिल कधी निघतं त्यावर गणित बसतं.

मी या बस्तीचा उपाध्ये, म्हणजे पुजारी. आजोबा होते, वडील होते, आता मी आहे. पहाटे दार उघडायचं, नित्य अभिषेक आणि पूजा करायची, घरोघरचे विधी करायचे, रविवारी मुलांची पाठशाळा घ्यायची, हे माझं काम. माझं मानधनही बरंचसं या सवालाच्या पैशातूनच यायचं. त्यामुळं सवाल बंद करा असं मी म्हणणं म्हणजे आपल्याच ताटाला हात लावणं होतं. तरीही म्हणावं लागलं, आणि त्याचं कारण त्या वर्षाच्या सुरुवातीलाच घडलं.

१८ फेब्रुवारी २०२४ ला दिगंबर मुनी आचार्य विद्यासागर महाराजांनी छत्तीसगडमध्ये डोंगरगडला सल्लेखनेनं, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडून, देह ठेवला. महाराज १९४६ साली जन्मले ते आमच्या शेजारच्या सदलग्याला. आमच्या भागात ती बातमी घरातलं माणूस गेल्यासारखी पोचली. संध्याकाळी विनयांजलीला बस्तीत उभं राहायला जागा नव्हती. कागलच्या एमआयडीसीत पाळ्या करणारी पोरं, कोल्हापूरला कॉलेजला जाणाऱ्या मुली, एरवी अनंत चतुर्दशीलाच दिसणारे चेहरे, सगळे आले होते. णमोकार मंत्र सगळ्यांनी एका आवाजात म्हटला. मग मी पूजा सुरू केली आणि दोन ओळींतच आवाज विरळ झाला. शेवटी मी आणि पुढची चारपाच म्हातारी माणसं उरलो. बाकीचे हात जोडून गप्प. निघताना अकरावीतल्या एका मुलीनं विचारलं, "पंडितकाका, आम्ही येऊन नुसतं उभंच राहायचं का?"

या प्रश्नानं मला झोप लागू दिली नाही. गप्प का होते, हे मला ठाऊक होतं. पूजेची पुस्तकं देवनागरीत. गावातली काही मुलं कन्नड शाळेत, काही मराठी शाळेत, आणि हल्ली निपाणीच्या इंग्रजी शाळेची बस दारात येते. शिवाय आमच्या निम्म्या सुना रायबाग, अथणीकडच्या. त्या घरात मराठी बोलायला शिकल्या, पण वाचतात कन्नड. पुस्तक हातात असून त्यांना उपयोग नाही. आणि ज्यांना वाचता येतं त्यांना वाटतं, मान सवाल घेणाऱ्याचा, म्हणणं उपाध्यांचं, आपण कशाला मध्ये?

पंच कमिटीपुढं मी दोन गोष्टी ठेवल्या. दशलक्षणातले रोजचे मान घरवारी पाळीनं द्यावेत, नदीकडच्या गल्लीपासून ओळीनं. खर्चासाठी प्रत्येक घरानं ऐपतीप्रमाणं वर्षाची वर्गणी द्यावी, आणि कुणी किती दिली हे खजिनदाराशिवाय कुणाला कळू नये. दुसरी गोष्ट, दहाही दिवसांचं वाचन सगळ्यांत वाटून द्यावं, देवनागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिपींत कागद छापून. मूर्तिप्रतिष्ठेच्या पंचकल्याणकासारख्या मोठ्या उत्सवाला मी हात लावला नाही. तिथं खर्चच एवढा असतो की सवालाशिवाय मांडव उभा राहत नाही, हे मलाही मान्य आहे.

कमिटीतल्या बैठकांचं सगळं सांगत नाही, उन्हाळा त्यातच गेला. सगळ्यात जोराचा विरोध अण्णांचा. पहिला कलश बहुतेक वर्षं त्यांच्याच घराचा असायचा, आणि हे नुसतं पैशाच्या जोरावर नव्हतं. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात दूधगंगेचं पाणी चढत आलं तेव्हा धातूच्या मूर्ती आणि जुन्या पोथ्या हलवायला पहिला ट्रॅक्टर त्यांचाच आला होता. ते म्हणाले, "पंडित, महाराजांचं भोज गाव हितनं हाकेवर हाय. शांतिसागर महाराजांच्या मातीत तुम्ही रीत मोडणार?"

मी म्हटलं, "अण्णा, महाराज १८७२ साली या मातीत जन्मले, त्या काळात दिगंबर मुनी दिसणंच दुर्मीळ होतं. १९२० ला यरनाळला दीक्षा घेऊन ते पायी उत्तरेपर्यंत गेले आणि मोडत आलेली वाट पुन्हा चालती केली. सवाल ही आपल्या सोयीची रीत आहे. ती कुठल्या आगमात सांगितलेली नाही." हेही सांगितलं की स्तवनिधीला १८९९ साली दक्षिण भारत जैन सभा निघाली, तेव्हाही आपल्या माणसांनी शिक्षणासारख्या नव्या कामाला हात घातलाच होता. सदलग्याच्या उपाध्ये घरातले आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये, जन्म १९०६, पूजा सांगणाऱ्या घरातून निघाले आणि प्राकृताचे मोठे पंडित झाले. आम्हा उपाध्यांना त्यांचा अभिमान आहे, आणि पोथी सगळ्यांसाठी उघडायची ही माझी ओढ तिथूनच आली आहे. अण्णा काही बोलले नाहीत. मतदान झालं, एक वर्ष करून बघू असं ठरलं.

८ सप्टेंबर, भाद्रपद शुद्ध पंचमी. पर्वाचा पहिला दिवस, उत्तम क्षमेचा. रात्रभर पावसाची रिपरिप होती. मी दार उघडलं तेव्हा मंडपाच्या कोपऱ्यात नेहमीप्रमाणं पाणी ठिबकत होतं. पाळी होती नदीकडच्या पहिल्या घराची. नवरा ऊसतोडीच्या ट्रकवर ड्रायव्हर, बायको शिवणकाम करते. या घरानं कधी सवालात तोंड उघडलेलं मला आठवत नाही. दोघं धुतलेल्या कपड्यांत उजाडायच्या आधीच येऊन पायरीवर बसले होते.

थोड्या वेळानं अण्णा आले. धोतर, उपरणं, अगदी नेहमीसारखे. माझ्या पोटात गोळा आला. ते गाभाऱ्यापर्यंत आले, सवयीनं कलशाच्या चौरंगाजवळ गेले आणि थांबले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "माझं काम काय ते सांगा."

गंध उगाळायचं राहिलं होतं. मी सहाण आणि खोड पुढं केलं. अण्णा मांडी घालून बसले आणि अभिषेक होईपर्यंत उगाळत राहिले. ड्रायव्हरच्या हातून पहिला कलश पार्श्वनाथांच्या मूर्तीवर पडला. नारळाचं पाणी, उसाचा रस, तूप, दूध, दही एकामागून एक झालं, आणि गंधाच्या वेळी अण्णांनी वाटी उचलून त्या माणसाच्याच हातात दिली. मला मंत्र म्हणताना दोनदा थांबावं लागलं. इतकी वर्षं त्या घराशी माझं नातं पावती आणि आशीर्वादाचं होतं. त्या सकाळी त्यांच्याविषयी मला जे वाटलं ते आजही वाटतं, आणि ते मी त्यांना सांगितलंही आहे.

संध्याकाळचं वाचन मात्र माझ्या अपेक्षेच्या पलीकडं गेलं. दशलक्षणात तत्त्वार्थसूत्र या जैन तत्त्वज्ञानाच्या संस्कृत ग्रंथाचे दहा अध्याय दहा दिवसांत वाचतात, रोज एक. सगळी मिळून ३५७ सूत्रं, पहिल्या अध्यायात ३३. आजवर मी एकटा वाचायचो. त्या दिवशी ३३ सूत्रं ३३ जणांत वाटली होती. अकरावीतल्या त्याच मुलीनं पाठशाळेतल्या मुलांना हाताशी धरून कन्नड कागद तयार केले होते आणि मी ते तपासले होते. भाषा संस्कृतच, अक्षरं फक्त वेगळी.

'सम्यग्दर्शनज्ञानचारित्राणि मोक्षमार्गः' हे पहिलं सूत्र मी म्हटलं नाही, गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आक्कांनी म्हटलं. त्यांना कुठलीच लिपी येत नाही. नातवानं महिनाभर म्हणून घेतलं होतं. दहावं सूत्र 'तत्प्रमाणे', एवढंच. ते पहिलीतल्या पोराला दिलं होतं. त्यानं ओरडून म्हटलं आणि आईच्या पदरात शिरला. कुणी अडखळलं तर शेजारचा हळूच सांगत होता. बायकांच्या बाजूला कन्नड कागद, पुरुषांच्या बाजूला देवनागरी, आणि ऐकताना फरक कळत नव्हता.

शेवटचं सूत्र सात नयांचं, म्हणजे वस्तूकडं बघायच्या सात दृष्टींचं. 'नैगमसंग्रहव्यवहारर्जुसूत्रशब्दसमभिरूढैवंभूता नयाः.' भल्याभल्यांची जीभ वळत नाही. ते कुणी घेईना म्हणून अथणीकडच्या एका सुनेला दिलं होतं. लग्न होऊन आल्यापासून बस्तीत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तिनं कागद खाली ठेवला आणि एका दमात, एकही जोडाक्षर न चुकवता म्हटलं. माहेरी वडिलांकडून लहानपणी सगळे दहा अध्याय पाठ झालेले. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, तिनंही सांगितलं नव्हतं. तिची सासू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिला एवढं येतंय व्हय!" आणि दुसऱ्या दिवसापासून उच्चार तपासून घ्यायला पोरी माझ्याऐवजी तिच्याकडं जाऊ लागल्या. आता रविवारची पाठशाळा आम्ही दोघं मिळून घेतो. ती थोरल्या मुलांना घेते, मी धाकट्यांना.

पैशाचंही सांगायला हवं, कारण कमिटीत अजून त्यावरच बोलणं होतं. पर्वाचा जमाखर्च झाला तेव्हा आदल्या वर्षीच्या सवालापेक्षा रक्कम कमी भरली. मंडपाच्या छताचं काम दिवाळीनंतर ढकलावं लागलं. पण वर्गणी जवळजवळ प्रत्येक घराची आली, आणि ज्यांनी कधी पावती फाडली नव्हती त्यांचीही आली. दूध, तूप, दिव्याचं तेल यांचा वर्षाचा हिशेब त्यातून बसला. माझं मानधन महिन्याच्या महिन्याला ठरलं. ज्यांना सवाल परत हवा आहे असे दोघेतिघे कमिटीत आहेत. छत गळतंय हा त्यांचा मुद्दा खरा आहे, आणि त्याची सोय आम्हाला लावावीच लागेल.

आता नवा वाद आला आहे. इचलकरंजीला आणि पुण्याला गेलेल्या काही घरांनी निरोप पाठवला की आमचीही पाळी यादीत धरा. गावात राहत नाहीत त्यांना पाळी कशाला, असं काहींचं म्हणणं. मी सांगितलं, नावं धरू या. मात्र वर्गणी पाठवून भागणार नाही. पाळीच्या पहाटे त्यांनी स्वतः बस्तीत हजर राहायचं आणि संध्याकाळी आपल्या वाट्याचं सूत्र म्हणायचं. पुण्याच्या एका घरानं कागद मागवून घेतला आहे, कन्नड नको, देवनागरी पाठवा म्हणून.