तुम्ही विचारलंत म्हणून: दोघांनी महासागर ओलांडायला बोट कोणती घ्यावी?

आम्ही नवराबायको शिडाच्या बोटीने लांबच्या सफरी करतो हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. पुण्याहून येतो, लंडनहून येतो, न्यू जर्सीहूनही येतो. "निवृत्तीनंतर आम्हा दोघांनाच समुद्रावरून जग बघायचंय. बोट किती फुटी घ्यावी? कोणत्या कंपनीची?" कंपनीकडे मी लगेच वळत नाही. आधी मीच विचारते, की तुमच्या दोघांत अंगातली ताकद कमी कुणाची, आणि रात्री दोन वाजता वारा चढला तर ती व्यक्ती दुसऱ्याला न उठवता काय काय करू शकेल?

दोघं असलो तरी समुद्रावर बोट बहुतेक वेळ एकटाच माणूस चालवत असतो. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंत सुमारे 2700 सागरी मैल. दिवसाला 130 मैल कापले तर तीन आठवडे. रात्री तीन-तीन तासांच्या पाळ्या लागतात आणि एकजण जागा असताना दुसऱ्याने झोपायचंच असतं. झोपेची उधारी चौथ्या-पाचव्या दिवशी वसूल होते. नकाशावरचा आकडा चुकीचा वाचला जातो, दोराची गाठ अर्धवट राहते. म्हणून प्रत्येक झुळकीला दोघांना डेकवर बोलावणारी बोट कितीही देखणी असली तरी ती दोघांसाठी नाही.

आता लांबी. बंदरात उभ्या असलेल्या दोन बोटींत 36 आणि 45 फुटांचा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही. लांबी सव्वापट, एवढंच. पण घडण तीच ठेवली तर शिडाचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं आणि वजन जवळजवळ दुप्पट. नांगर, साखळी, विंच (दोर ओढायची, हँडलने फिरवायची चरखी), दोर, सगळंच त्या प्रमाणात जड. त्यात वारा 15 नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) 30 झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. 45 फुटी बोटीवर हे सगळं विजेच्या विंचवर सोपवता येतं आणि विक्रेता ते बटण दाबून दाखवतोही. मी मात्र त्याला वीज बंद करायला सांगते. समुद्रावर वीज जाते, आणि बहुतेकदा वारा चढलेला असतानाच जाते. हाताने हँडल फिरवून मला मोठं शीड आवरता आलं पाहिजे. माझ्यासारख्या साडेपाच फुटांच्या, पंचावन्न किलोच्या बाईला ते 38 फुटांपर्यंत नीट जमतं. आमची बोट 37 फुटी आहे.

यावर कुणीतरी म्हणतंच, की मग नौदलाचे दिलीप दोंदे 56 फुटी 'म्हादेई' एकटे कसे घेऊन गेले? प्रश्न रास्त आहे, आणि त्या बोटीचं नाव निघालं की मला भरून येतं. गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत ती बांधली गेली. 2009-10 मध्ये दोंदेंनी तिच्यावरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यानंतर अभिलाष टॉमींनी 2012-13 मध्ये तीच प्रदक्षिणा कुठेही न थांबता केली. तिची बहीण 'तारिणी' घेऊन नौदलाच्या दोन अधिकारी, दिलना आणि रूपा, 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्याहून निघाल्या आणि 29 मे 2025 ला परतल्या. वाटेत दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्नही ओलांडलं. दोघीच, 56 फुटी बोटीवर! मोठी बोट दोघांना झेपते याचा याहून भक्कम पुरावा नाही. पण त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता, पाठीशी नौदल होतं, आणि दक्षिण महासागराच्या लाटांसाठी तेवढी बोट हवीच होती. आपल्याला साठीत, आपल्या पैशाने, व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यातून जायचं आहे. माप आपल्या अंगाचं घ्यायचं.

दुसऱ्या टोकाला लिन आणि लॅरी पार्डी हे जोडपं. चोवीस फुटांच्या 'सेराफिन'वरून ते जग फिरले, तेही इंजिनाशिवाय. एवढं लहान घ्या असं मी म्हणत नाही. साठीच्या गुडघ्यांना उभं राहायला उंची लागते, आणि दोन महिन्यांचा शिधा, पाणी, सुटे भाग भरले की लहान बोट खाली बसते, जड होते. 34 ते 40 फूट या टप्प्यात बहुतेक जोडप्यांचं भागतं.

लांबी ठरली की मी जे बघते ते जाहिरातीच्या पुस्तिकेत कुठेच नसतं. नवरा पाण्यात पडला तर मी त्याला वर कसा घेणार?

हा विचार करायला कुणालाच आवडत नाही, जोडप्यांना तर मुळीच नाही. पण बोटीवर दोघंच असताना एक पडला की उरतो एकच. तो ऐंशी किलोचा, अंगावर भिजलेले कपडे, थंडीने बोटं आखडलेली. शिडीवर पाय ठेवायचं त्राण त्याच्यात उरलं नसेल असंच धरून चालायचं. म्हणून बोट बघताना पाण्यापासून डेक किती उंच आहे ते मी टेपने मोजते. अलीकडच्या कित्येक बोटी आत प्रशस्त वाटाव्यात म्हणून बाजूने उंच केलेल्या असतात. मग बघते, की डोलकाठीवरून येणारा, शीड वर चढवायचा दोर कठड्याबाहेर सोडता येतो का, आणि त्याचं दुसरं टोक एखाद्या दमदार विंचवर घेता येतं का. आमची बोट पक्की करण्याआधी आम्ही हे बंदरात करून पाहिलं. उन्हाळ्याचे दिवस होते, पाणी सोसवेल इतपत. नवरा जॅकेट-पट्ट्यासकट पाण्यात उतरला आणि त्याने अंग पूर्ण सैल सोडलं, मला कसलीही मदत करायची नाही असं ठरलं होतं. मी हुक अडकवला आणि विंच फिरवायला लागले. दोर ताणला, पट्टा त्याच्या काखेत रुतला, इंचाइंचाने तो वर आला आणि कठड्यावरून आत लोळला. दंड भरून आले होते, पण तो डेकवर होता. बोट हीच घ्यायची, हे मी त्या क्षणी ठरवलं.

आतली सजावट बघायला फार वेळ लागत नाही. पुस्तिकेतले ते रुंद पलंग नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, किंवा पार मागे असतात. नांगर टाकल्यावर उत्तम, पण भर समुद्रात नाळेकडचा पलंग माणसाला छताकडे फेकतो. झोपायला हवी मधोमध, बोट सर्वांत कमी हलते तिथली अरुंद जागा, बाजूला कापडी आडोसा बांधता येईल अशी. अशा किमान दोन हव्यात, एक डावीकडे, एक उजवीकडे, कारण बोट कोणत्या कुशीवर कलेल ते वारा ठरवतो. विक्रेत्यासमोर संकोच न करता तिथे आडवं व्हा. पाण्याची टाकी 300 लिटरच्या आसपास असावी. काटकसरीने माणशी चार-पाच लिटर रोजचे धरले तर बऱ्यापैकी राखीव साठा उरतो.

सुकाणू धरणारा तिसरा गडी मात्र हवाच. विजेवरचा ऑटोपायलट सोयीचा, पण तो बॅटरी खातो. बोटीच्या पाठीमागे बसवायचं विंडवेन, म्हणजे सुकाणू सांभाळणारं यंत्र, वाऱ्याच्या आणि पाण्याच्या जोरावर चालतं, रात्रभर चालतं, काही मागत नाही. ते बसवायला मागची बाजू मोकळी आहे का ते आधीच बघा. आणि बोट मुळात सरळ चालणारी हवी. ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहैली' आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी, 32 फुटी. 1968-69 मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले. त्यांचं विंडवेन वाटेतच निकामी झालं. तरी शिडं नीट जुळवली की लांब कीलची (कील म्हणजे तळाखालचा जड कणा) ती बोट स्वतःच वाट धरून चालायची, आणि 312 दिवसांनी ते घरी पोचले. आजच्या काळात पूर्ण लांब कीलचा मी आग्रह धरत नाही, बंदरात मागे घेताना ती फार छळते. मध्यम लांबीची कील आणि पुढून आधार दिलेलं सुकाणू, ही जोडी मला दोघांसाठी सर्वांत समंजस वाटते.

बोट किती कलली तरी सरळ होते हे दाखवणारा स्थिरतेचा आलेख मागितल्याशिवाय राहू नका. ऑगस्ट 1979 च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या सागरी शर्यतीत 303 बोटी निघाल्या. वादळात पंधरा स्पर्धक गेले, कित्येक बोटी लाटांनी उलथवल्या. सर्वांत लहान बोटींच्या गटातून शर्यत पुरी केली ती एकाच बोटीने, 32 फुटी 'काँटेसा' जातीच्या. अरुंद, आणि तळाशी भरपूर वजन असलेली. त्यानंतर बोट किती अंश कलेपर्यंत आपणहून सरळ होते, हा आकडा लोक गांभीर्याने विचारू लागले. महासागरासाठी तो 120 च्या वर हवा. आणि डोलकाठीवर रडार, मागच्या कमानीवर सौर पॅनल असं वर वजन चढवत गेलं की तो घसरतो, हेही ध्यानात असू द्या.

कॅटामरानबद्दलही, म्हणजे दोन तळांच्या बोटींबद्दलही, विचारता. त्या कलत नाहीत, ऐसपैस असतात, मुलंनातवंडं यायची असतील तर मजा. पण जादा सामानाने त्यांची चाल फार बिघडते, बंदरात भाडं जास्त पडतं, आणि त्याच पैशात त्या जुन्या मिळतात. मला एकाच तळाची बोट प्रिय आहे.

पैशांचं म्हणाल तर सगळे बोटीत घालू नका. जुनी बोट घेणार असाल तर किमतीच्या किमान पाव हिश्श्याएवढी रक्कम वेगळी ठेवा. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा दहा-बारा वर्षांनी बदलाव्या लागतात, विमा कंपन्याही त्यांचं वय विचारतात. त्या कधी बदलल्या याची पावती मागा, तोंडी उत्तर घेऊ नका. बोट तपासणारा सर्व्हेअर तुम्हीच नेमा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. तो डेकवर हातोडीने ठोकत जाईल तेव्हा दोघंही तिथे थांबा. घट्ट डेकचा आवाज टणक येतो, आत पाणी मुरलेलं असेल तिथे तो बद्द येतो. त्या जागा खडूने खुणा करून घ्या आणि मग किमतीचं बोला.