टेलनेट हनीपॉट: बॉट अखेर आत टिकला

मंडळी, माझा हनीपॉट म्हणजे हल्लेखोरांना भुलवायला मांडलेला खोटा राउटर. टेलनेटवरून, म्हणजे दुरून कमांड देण्याच्या जुन्या पद्धतीने, शिरलेले बॉट त्यात टिकतच नव्हते. गेल्या अपडेटमधली ती गाठ सुटली! मिराई या राउटर-कॅमेऱ्यांत शिरणाऱ्या मालवेअरच्या जातीचे बॉट (आपोआप हल्ला करणारे प्रोग्राम) आता लॉगिन करून पळत नाहीत. काल रात्री एकाने पहिल्यांदाच स्वतःची फाइल माझ्या हनीपॉटमध्ये उतरवली.

लक्षण तुम्हाला आठवत असेल. बॉट डीफॉल्ट पासवर्ड टाकून आत येणार, एनेबल, सिस्टीम, शेल, एसएच हा शेल (कमांड देण्याची जागा) उघडायचा ठरलेला पाढा म्हणणार, मग बिझीबॉक्सकडे (छोट्या उपकरणांतल्या लिनक्स कमांडचा संच; त्यातली प्रत्येक कमांड म्हणजे अ‍ॅप्लेट) अस्तित्वातच नसलेलं एखादं अ‍ॅप्लेट मागणार. 'अ‍ॅप्लेट नॉट फाउंड' असं उत्तर मिळालं की त्याची शेलबद्दल खात्री पटते. इथवर सगळं सुरळीत. पुढे तो बिन डिरेक्टरीतली एको या कमांडची फाइल कॅट करायचा (म्हणजे तिच्यातलं सगळं दाखवायला सांगायचा) आणि तडक कनेक्शन तोडायचा. बॅनर बदलला, प्रॉम्प्ट बदलला, उत्तरांना मुद्दाम उशीर लावला. काडीचा फरक नाही.

शेवटी मिराईचा लोडरच, म्हणजे आत शिरून मालवेअर उतरवणारा भाग, वाचायला घेतला. त्याचा सोर्स कोड २०१६ मध्येच उघड झालाय, आणि या छंदातल्या प्रत्येकाने तो एकदा तरी वाचावा. लोडरला एकोचं फक्त ईएलएफ हेडर (लिनक्स प्रोग्रामच्या फाइलीचा सुरुवातीचा माहितीचा भाग) हवं असतं. शून्यापासून मोजलं तर ५व्या बाइटवरून एंडियन (संख्येतल्या बाइटचा क्रम) कळतो, १८व्या-१९व्यावरून प्रोसेसर: ८ म्हणजे मिप्स, ४० म्हणजे आर्म. त्यावरून कोणती बायनरी (त्या प्रोसेसरवर चालणारी प्रोग्राम फाइल) पाठवायची ते ठरतं. ओळखीचा आकडा नसेल तर राम राम.

माझी एको फाइल अस्सल लिटल एंडियन मिप्स राउटरची. डिस्कवर हेडर चोख. नेटवर्कची रहदारी दाखवणाऱ्या वायरशार्कमध्येही 'ईएलएफ' अक्षरं दिसत होती. पण मजकुराऐवजी हेक्स डंप (प्रत्येक बाइटचा आकडा) लावला तेव्हा चोर सापडला. ७एफ ४५ ४सी ४६ ०१ ०१ ०१, आणि लगेच ०२ ०८. मधली शून्यं गायब! हनीपॉटमधली टर्मिनल एम्युलेशनची (टर्मिनलची नक्कल करणारी) लायब्ररी शून्य बाइट गाळत होती, कारण पडद्यावर त्यांचं काही कामच नसतं. त्यामुळे १८व्या जागेवरचा आठ घसरून थेट ८व्या जागी. आता कॅटचं आउटपुट एम्युलेशनला वळसा घालून कच्चंच सॉकेटवर जातं. फक्त एफएफ बाइट टेलनेटच्या नियमाप्रमाणे दोनदा पाठवतो.

फाइल उतरवणाऱ्या वीगेट आणि टीएफटीपी या कमांड मी मुद्दाम काढून ठेवल्या होत्या, त्यामुळे बॉटने एकोच्या कमांडमधून हेक्सचे तुकडे जोडत चिमुकला डाउनलोडर लिहिला. तो लॉग ओळीओळीने सरकताना बघणं म्हणजे निव्वळ सुख! हनीपॉटचा बाहेरचा रस्ता बंदच आहे, म्हणून डाउनलोडरमधला पत्ता वाचून मुख्य फाइल वेगळ्या बंदिस्त मशीनवर घेतली.

अशा फाइलीची चिरफाड करायला घिड्राला तोड नाही. फुकट असून मिप्स इतकं स्वच्छ उलगडतं. मिराई आपल्या स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) एका कीशी एक्सॉर करून, म्हणजे तिच्याशी बिट-बिट जुळवून बदलून, लपवतं. मूळ मिराईची डेडबीफ की शेवटी एकाच बाइटवर, हेक्स २२ वर येते. ती लावली तर नुसता कचरा. पण प्रत्येक स्ट्रिंगच्या शेवटी तोच एक बाइट होता, आणि शेवटच्या शून्याला एक्सॉर केलं की उरते ती कीच. ती लावताच अख्खं टेबल उघडलं. डीडॉसच्या (अनेक यंत्रांकडून एकदम रहदारीचा मारा) नेहमीच्या फंक्शन्सशेजारी सॉक्स प्रॉक्सीचा (दुसऱ्याची रहदारी या यंत्रातून वळवणारा) कोडही आहे. मला तो डीडॉसपेक्षा घातक वाटतो. राउटर हळू झाला तर मालकाला निदान शंका येते. त्याच्या पत्त्याआडून दुसऱ्याची थोडीशी रहदारी गेली तर पत्ताही लागत नाही.

पुढचा बेत एसएसएचच्या (दुरून कमांड द्यायची सुरक्षित पद्धत) हनीपॉटचा होता, पण हे लिहिता लिहिताच सुचलं: एको एकाच प्रोसेसरची का ठेवायची? दर कनेक्शनला वेगळं हेडर दिलं तर एकाच टोळीच्या सगळ्या बायनरी हाती लागतील. आर्म दाखवला की लोडर सीपीयूइन्फो ही प्रोसेसरची माहिती देणारी फाइलही वाचतो, तेव्हा ती फाइल हेडरशी जुळती लागेल. एसएसएच नंतर. कुणाकडे पॉवरपीसी किंवा सुपरएच प्रोसेसरवरची खरी एको फाइल असेल तर तिचे पहिले ५२ बाइट पाठवा, तेवढे पुरे.